लिफ्टमधली बाई

फुंगदादांच्या कपाळावर छत्रीची मूठ बसली तेव्हा लिफ्टचं दार आमच्या मजल्यावर नुकतंच उघडलं होतं आणि मी कचऱ्याची पिशवी घेऊन समोर उभी होते. मारणाऱ्या त्यांच्याच बायको, यूक-हिंगवहिनी. माझ्या खांद्याला लागतील एवढ्याशा. पण आवाज असा, की वरखालच्या मजल्यांवर जाळीची दारं सरकल्याचं ऐकू आलं.

"निर्लज्जा! माझ्यादेखत तिला फिरवतोस? बघा, बघा, माझाच कोट घातलाय सटवीने!"

लिफ्टमध्ये त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं.

दादांनी त्यांना कमरेला धरून बाहेर आणलं. दार मिटलं, लिफ्ट खाली गेली. वहिनी धापा टाकत उभ्या राहिल्या. हळूहळू त्यांचा चेहरा सैलावला आणि माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "जेवलात का, मोकबाई?"

"जेवले हो," मी म्हटलं. दादांच्या भुवईवरून रक्त ओघळत होतं. "दादा, या आत, कापूस लावते."

"राहू द्या. आमच्या घरी आता कापसाचं दुकानच आहे," ते म्हणाले आणि खिशात किल्ली चाचपू लागले. किल्ली त्यांच्या हातातच होती.

शाउ-केई-वान वस्तीतल्या या इमारतीत आम्ही समोरासमोर राहतो, मुलं लहान होती तेव्हापासून. फुंगदादांचा जन्म बांबूच्या परांच्या बांधण्यात गेला. चाळीस मजल्यांवर एका पायावर उभा राहणारा माणूस, आता गुडघ्याने अधू. वहिनी शिवणाच्या कारखान्यात तयार कपड्यांचे दोरे कापायच्या. नंतर कारखाने सीमेपलीकडे, स्वस्त मजुरीकडे गेले, तशा त्या घरी बसल्या. माझा नवरा गेला तेव्हा महिनाभर माझ्या घरी सूप आणून ठेवणारी हीच बाई. मग त्या विसरायला लागल्या. आधी गॅस, मग बाजारातून घरी यायचा रस्ता, मग मुलीचं नाव. तिथवर दादांनी निभावलं. विसरणाऱ्या माणसाला आठवण करून देता येते. मारणाऱ्या माणसाचं काय करायचं, ते कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

बाई, बाई, बाई. दिवसातून एकदा तरी ती बाई यायची. कधी लिफ्टमध्ये, कधी संध्याकाळी घरात. दादा सुरुवातीला समजावायचे, "अगं, कोणी नाही इथे." मग वहिनी आणखी चिडायच्या. समोर दिसत असलेली बाई नाही म्हणणारा नवरा म्हणजे तो तिला सामीलच. मग जे हाताला लागेल ते. चहाचा थर्मास, चप्पल, एकदा सुकवलेला मासा.

इमारतीत कुजबुज सुरू झाली. खालचा वॉचमन लाम मला म्हणाला, "म्हातारपणी एवढा मार खातोय म्हणजे तरुणपणी काहीतरी केलंच असणार."

"तू लिफ्टचं बघ," मी म्हटलं.

पण त्यांच्या मुलीच्याही मनात तेच आलं. का-वान दर रविवारी यायची, हातात फळांची पिशवी आणि कपाळाला आठी. एका रविवारी स्वयंपाकघरात तिने बापाला विचारलं. दोन्ही घरांची दारं उघडी होती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"बा, खरं सांग. होती का कोणी?"

"कोण?"

"बाई."

दादांनी हातातली वाटी विसळून पालथी घातली. मग म्हणाले, "पहाटे जायचो, रात्री यायचो. अंगाला घामाचा असा वास, की तुझी आईच मला बाल्कनीत झोपवायची. दुसरी कोण बाई मला जवळ उभं करणार होती?"

का-वानला हसू आलं आणि मग तिला रडूही आलं. ती म्हणाली, "आपण तिला आश्रमात ठेवूया. तू मरशील अशाने."

"नाव दिलंय ना यादीत. नंबर लागला की बघू."

मधे डॉक्टरांनी शांत राहायच्या गोळ्या दिल्या होत्या. वहिनी इतक्या शांत झाल्या की न्हाणीघरात उभ्या-उभ्या झोपल्या आणि पडल्या. डॉक्टरांनीच मग गोळी निम्मी केली. त्या वेळी तिथल्या नर्सने दादांना विचारलं, "भांडण सुरू होण्याआधी काय होतं? कुठे असता तुम्ही, उजेड कसा असतो, त्यांना समोर काय दिसतं? त्यांना काहीतरी दिसतंय किंवा दुखतंय, म्हणून त्या असं करतात. उगाच नाही करत."

"मला काय ठाऊक," दादा म्हणाले. "मी तिला धरत असतो."

हे त्यांनी परत आल्यावर मला सांगितलं, थोडं रागानेच. रात्रभर जागलेल्या माणसाला आणखी गृहपाठ दिल्यासारखं वाटलं असणार. तेव्हा ते जिथे टेकतील तिथे पेंगायचे. माझ्या दारातल्या चपलांच्या कपाटावर बसून एकदा अर्धा तास झोपले होते.

त्यानंतर माझ्या स्वयंपाकघराचा पाइप फुटला. इमारत जुनी, पाइप सगळे गंजलेले. एक बदलायला गेलं तर भिंतच हातात आली. शेवटी सगळं स्वयंपाकघर उकरायचं ठरलं. छुई मिस्त्री आला आणि त्याने आधी नेहमीप्रमाणे लिफ्टला आतून प्लायवूड ठोकलं, सिमेंटच्या गोण्यांनी ओरखडे पडू नयेत म्हणून. आमच्या मजल्यावर एकच लिफ्ट थांबते. तिच्या तिन्ही भिंती, मागचा मोठा आरसा, सगळं लाकडाआड गेलं. दाराचं पोलाद तर केव्हाच घासून अंधूक झालेलं.

आठवडाभर माझ्या घरात नुसती धूळ. मी दारात स्टुलावर बसून असायची. एक दिवस दादा-वहिनी बागेतून परत आले, हातात हात घालून. वहिनी गोड पाव खात होत्या. दुसऱ्या दिवशीही तसेच आले. तिसऱ्या दिवशी दादा त्यांना घरात बसवून माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, जसं काही मोठ्याने बोललं तर मोडेल, "मोकबाई, हल्ली लिफ्टमध्ये काही होत नाही."

"बरं वाटत असेल त्यांना."

"मग संध्याकाळी घरात का होतं? कालच माझा चष्मा मोडला."

"घरात कुठे होतं नेमकं?"

ते विचार करू लागले. "खुर्चीत बसली की. जेवणाआधी. मी दिवा लावतो, भांडी मांडतो, आणि ही सुरू."

त्या दिवशी वहिनींना का-वान पायांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. बाहेर अंधारायला आलं होतं. दादांनी मला त्यांच्या घरी बोलावलं. "जरा तिच्या खुर्चीत बसा. मी बसून बघितलं, मला काही कळलं नाही. बाईमाणसाला काही वेगळं दिसेल."

मी बसले. समोर टेबल, टेबलापलीकडे खिडकी. खिडकीबाहेर दुसरी इमारत, तिच्या खिडक्या. दादांनी दिवा लावला.

खिडकीत एक बाई बसलेली होती. पांढरे केस, अंगात जांभळा स्वेटर, आणि तिच्यामागे फुंगदादा भांडी घेऊन उभे. मी हात हलवला. तिने हलवला.

"दादा," मी म्हटलं, "इकडे या. हीच ती बाई."

ते माझ्यामागे येऊन वाकले. काचेत आम्ही दोघं, म्हाताऱ्या जोडप्यासारखी. त्यांनी हातातली भांडी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "लिफ्टमध्ये आरसा आहे."

"आता लाकूड आहे."

"माझाच कोट घातलाय म्हणायची." त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "तिला वाटतं ती अजून तरुण आहे. आणि मी एका म्हातारीला घेऊन फिरतोय." ते खुर्चीला धरूनच खाली जमिनीवर बसले. मला वाटलं, हसतायत. हसत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घर झाकायला घेतलं. ऊन असतानाच पडदा ओढायचा. न्हाणीघरातल्या आरशावर कॅलेंडर. टीव्ही बंद केला की त्यावर टॉवेल. मायक्रोवेव्हच्या दारालाही ब्राउन पेपर. परांच्या बांधणाऱ्याचे हात, एकही कडा सुटली नाही. आणि वहिनी कुठे चुकून एखाद्या काचेसमोर आल्याच, तर ते "कोणी नाही" असं म्हणेनासे झाले. म्हणायचे, "गेली ती. मी हाकललं तिला. चल, पेज गार होतेय." वहिनी म्हणायच्या, "बरं केलंस," आणि जेवायला बसायच्या.

रविवारी का-वान आली आणि दारातच थबकली. "हे काय, बा? घरात कोणी गेलं की झाकतात, तसे सगळे आरसे झाकलेत!"

"कोणी जाऊ नये म्हणून झाकलेत," दादा म्हणाले. त्यांची दाढी केलेली होती. आरसा झाकल्यामुळे अंदाजाने, त्यामुळे एका गालावर खुंट राहिले होते.

का-वानने आईकडे बघितलं. वहिनी पालकाची पानं निवडत होत्या. मग मुलीने मायक्रोवेव्हवरचा कागद अंगठ्याने दाबून नीट बसवला.

आता अडचण माझ्या स्वयंपाकघराची होती. ते पूर्ण होत आलं होतं. काम संपलं की लाकूड निघणार. दादांनी सोसायटीच्या अध्यक्षांना विनंती केली. अध्यक्ष यिप म्हणजे निवृत्त कस्टम अधिकारी, नियमाला फार पक्के. ते म्हणाले, "फुंग, मला वाईट वाटतं. पण लिफ्ट अशी गोदामासारखी ठेवली तर घरं बघायला येणारी माणसं काय म्हणतील? काम आहे तोवर फळ्या. काम संपलं, फळ्या गेल्या."

मी छुई मिस्त्रीला बाजूला घेतलं. "मिस्त्री, ओट्याच्या मागच्या चार टाइल्स काढा."

"का? सरळ तर आहेत."

"मला रंग आवडला नाही."

"तुम्हीच निवडला होता."

"आता नाही आवडत. आणि नवीन टाइल्स सावकाश आणा. अगदी सावकाश."

छुईने माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या दाराकडे. त्याने तोंडातली सिगारेट कानावर ठेवली आणि निमूटपणे टाइल्स काढल्या. अशा तऱ्हेने माझं काम दीड महिना रेंगाळलं. मी भिंतीतल्या त्या भोकासमोर भात शिजवायची. पण रोज सकाळी समोरून दोघं बाहेर पडायची, बागेत बसायची, पेजेच्या दुकानात जायची, आणि न भांडता घरी यायची. दादांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं काही गेली नाहीत, पण ते बसल्या जागी झोपायचे थांबले.

मग यिपसाहेब माझं स्वयंपाकघर बघायला आले. भोकासमोर उभे राहून त्यांनी विचारलं, "यात दीड महिन्याचं काय काम आहे, मोकबाई?" दुसऱ्या दिवशी दुपारी सोसायटीची माणसं आली आणि त्यांनी फळ्या काढल्या. दादा-वहिनी तेव्हा बागेत होते. मी धावत खाली गेले, पण बागेत मला ते सापडले नाहीत. ते दुसऱ्या रस्त्याने आले होते.

मी परतले तेव्हा लिफ्टचं दार उघडं होतं, आतला आरसा नुकताच पुसल्यासारखा लखलखत होता, आणि वहिनी किंचाळत होत्या. महिना-दीड महिना न दिसलेली ती बाई परत आली होती. वहिनींनी हातातली पिशवी आरशावर फेकली, मग दादांच्या छातीवर बुक्के मारले, मग वळून सरळ रस्त्याकडे पळाल्या. समोर ट्रामचे रूळ. दादा लंगडत मागे. लामने पुढे होऊन दोन्ही हात पसरले, तर वहिनींनी त्याचा हात चावला.

मला वाटलं, दादा आता त्यांना ओढून आणतील. पूर्वी त्यांनी तसंच केलं असतं. पण ते लामला म्हणाले, "सोड. बाजूला हो. आवाज करू नकोस." आणि स्वतः वहिनींच्या पुढे न जाता, त्यांच्या बाजूने, रस्त्याच्या अंगाला चालत राहिले. इमारतीच्या कडेला झाडांची सिमेंटची कुंडी आहे. तिथवर आल्यावर ते स्वतःच बसले. "आ-हिंग, माझा गुडघा गेला," ते म्हणाले. "जरा बसू दे."

वहिनी थांबल्या. "ती आत बसलीये."

"बसू दे. आपण इथे बसू."

"मी नाही वर येणार."

"नको येऊस. मलाही नाही जायचं."

त्या बसल्या. दादांनी त्यांच्या हाताला हात लावला नाही. नुसते शेजारी बसले, लांब श्वास घेत. मी लामच्या हाताला रुमाल बांधला. रडू मलाच येत होतं. अंधारायला लागलं, कामावरून माणसं परतायला लागली. वहिनी गप्प झाल्या होत्या, पण लिफ्टकडे बघितलं की पुन्हा अंग आक्रसून घ्यायच्या. सोळावा मजला. दादांच्या गुडघ्याने जिने शक्य नव्हते.

लिफ्टसमोर रांग वाढत होती. भाजीच्या पिशव्या, दप्तरं, कामगारांच्या टोप्या. दादा ती रांग बघत होते. मग ते मला म्हणाले, "मोकबाई, माणसं भरली की आरसा दिसत नाही."

मी रांगेपाशी गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, "समोरच्या फुंगवहिनींना वर न्यायचंय. आरशाला त्या घाबरतात. जरा आधी आत जाऊन भिंतींना पाठ लावून उभे राहता का?" लोक एकमेकांकडे बघू लागले. चौदाव्या मजल्यावरची ली बाई तिच्या दोन मुलींना घेऊन आधी आत गेली. मग डिलिव्हरीवाला. मग एक कॉलेजातली मुलगी, जी मला कधी ओळखही दाखवत नाही. रांगेच्या शेवटी यिपसाहेब होते, हातात जिवंत माशाची पिशवी. त्यांनी काही क्षण जमिनीकडे बघितलं आणि तेही आत जाऊन मागच्या आरशाला पाठ लावून ताठ उभे राहिले. पिशवीतला मासा फडफडत होता.

दादा वहिनींना घेऊन आले. वहिनींनी आत डोकावलं. सगळीकडे माणसंच माणसं. "किती गर्दी!" त्या म्हणाल्या आणि आत शिरल्या. दादा त्यांच्यासमोर तोंड करून उभे राहिले. कोणी आपल्या मजल्यावर उतरलं नाही. सगळे सोळाव्यापर्यंत आले.

यिपसाहेबांनी फळ्या परत लावल्या नाहीत. पण त्यांनी तो आरसा तरी झाकायला मान्यता दिली आणि त्यावर सोसायटीच्या नोटिसा चिकटवल्या, गच्च, पाण्याच्या टाकीपासून कुत्र्यांच्या शीपर्यंत. बाजूच्या चकाकत्या भिंती तशाच राहिल्या. दादा मग लोक येण्याजाण्याच्या वेळेलाच बाहेर पडायचे. कधी जमायचं, कधी नाही. कधी छत्रीचा मार बसायचाच.

का-वानने धावपळ करून आठवड्यातून तीन दिवस वहिनींना, म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रात जागा मिळवून दिली. त्या दिवसांत वहिनींना केंद्राच्या गाडीत बसवलं की दादा घरी येऊन झोपायचे. मी विचारायची, "आज काय केलंत?" ते म्हणायचे, "काही नाही." मला वाटायचं, याहून चांगलं उत्तर नाही.

थंडी पडली तशी वहिनींनी पुन्हा मारायला सुरुवात केली, आता जेवताना. वाटी हातातून उडवायच्या, दादांच्या तोंडावर थुंकायच्या. दादांनी आधी चकाकणारं शोधलं. स्टीलचा चमचा काढून लाकडी आणला. वाटीही बदलली. टेबलावरची काच काढली. काही फरक नाही. चौथ्या दिवशी ते माझ्या दारात उभे राहिले, शर्टावर पेज सांडलेली.

"मोकबाई, आता ती बाई नाहीये. आता दुसरंच काहीतरी आहे. परत पहिल्यापासून शोधायचं. माझ्यात जोर राहिला नाही."

मी त्यांना बसायला स्टूल दिलं. "काय खातात त्या? काय नाही खात?"

"गार टोफू खाते. पेज फेकते." ते थांबले. "गरम फेकते." मग आपल्याच जबड्यावर त्यांनी हात ठेवला. "एका बाजूने चावते. मी बघत होतो, पण..."

दाताच्या दवाखान्यात मीही बरोबर गेले. आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यांनी बाहेरच्या खोलीतला आरसा उलटा करून ठेवला होता. आम्ही तिघं बाकावर बसलो, वहिनी मध्ये. हीटर चालू होता. दादांची मान हळूहळू खाली गेली आणि ते झोपले, तोंड उघडं टाकून, हातात वहिनींची पिशवी तशीच धरून.

काउंटरच्या खिडकीतून तिथल्या मुलीने वहिनींचं नाव माहेरच्या आडनावासकट पुकारलं, "लेउंग यूक-हिंग!"

कोणी उठलं नाही. तिने पुन्हा पुकारलं. वहिनींनी इकडेतिकडे बघितलं, मग नवऱ्याच्या कोपराला हळूच ढोसलं.

"अरे, उठ," त्या म्हणाल्या. "कधीपासून बोलावतायत तुला."

दादा दचकून उठले. ते वहिनींचा हात धरून दरवाजाकडे निघाले आणि वहिनी त्यांना समजावत होत्या, की घाबरू नकोस, फार दुखत नाही, मी आहे बाहेर.